बाळाच्या आगमनाची तयारी आणि फोटोग्राफीचा छोटा व्यवसाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात पहिले किंवा दुसरे बाळ येणार आहे आणि त्याच वर्षी स्वतःचा फोटोग्राफी व्यवसाय उभा करायचा आहे, अशा महाराष्ट्रातील जोडप्यांना पडणारे प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेक उत्तरे गरोदर स्त्री स्वतः फोटोग्राफर आहे असे धरून लिहिली आहेत. होणाऱ्या वडिलांसाठी वेगळे उत्तर पुढे दिले आहे.

बाळ येणार हे कळल्यावर व्यवसाय सुरू करावा, की मूल मोठे होईपर्यंत थांबावे?

सुरू करावा. मात्र व्यवसायाचा आवाका आज हाताशी असलेल्या मोकळ्या वेळावरून ठरवू नये. बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांत जेवढा वेळ खरोखर मिळेल, तेवढ्यावरूनच ठरवावा. चौथ्या-पाचव्या महिन्यात मळमळ ओसरते, अंगात पुन्हा उत्साह येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत स्टुडिओसाठी गाळा भाड्याने घेणे, हप्त्यावर महागडी लेन्स आणणे, पुढच्या सीझनच्या तारखा लोकांना देऊन बसणे, असे निर्णय घेतले जातात. ते निस्तरायची वेळ येते तेव्हा बाळाला दर दोन-तीन तासांनी पाजायचे असते आणि आईला सलग चार तासांची झोपही मिळत नाही. म्हणून गरोदरपणाचे महिने जाहिरात करण्यात आणि भरमसाट कामे घेण्यात घालवण्यापेक्षा दरपत्रक, करारनामा, बँकेचे स्वतंत्र खाते, निवडक कामांचा पोर्टफोलिओ आणि भरवशाच्या दोन-तीन फोटोग्राफरांशी ओळख यांसाठी वापरावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. या काळात मिळकत थोडी झाली तरी चालेल. ही तयारी राहून गेली तर पुढे ती करायला सवड मिळत नाही.

सध्या नोकरी आहे. ती सोडून व्यवसाय सुरू करावा का?

बाळंतपण होईपर्यंत शक्यतो सोडू नये. कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या आस्थापनेत, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि त्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला अशी पगारी रजा देणारे कोणी नसते. दुसरी गोष्ट विम्याची. अनेक कंपन्यांच्या सामूहिक आरोग्य विम्यात बाळंतपणाचा खर्च लगेच मिळतो, तर वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी बहुधा दोन ते चार वर्षांचा प्रतीक्षा कालावधी असतो. त्यामुळे दिवस गेल्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाच्या बिलाला सहसा उपयोगी पडत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पगारी प्रसूती रजेवर असताना दुसऱ्या आस्थापनेत काम केल्यास त्या काळातील लाभाचा हक्क जाऊ शकतो, आणि नोकरीच्या करारात बाहेरचे काम करण्यास मनाई असू शकते. त्यामुळे रजेच्या काळात ऑर्डरी घेण्यापूर्वी नियुक्तिपत्र नीट वाचावे आणि मनुष्यबळ विभागाकडून लेखी खुलासा घ्यावा.

कोणत्या प्रकारच्या फोटोग्राफीपासून सुरुवात करावी?

आपल्याकडे फोटोग्राफर म्हटले की लग्न, असे समीकरण झाले आहे. लग्नात पैसा आहे हे खरेच. पण हळदीपासून वरातीपर्यंत दहा-बारा तास उभे राहणे, दोन कॅमेरे गळ्यात, जेवणाची वेळ टळलेली, आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होऊन जूनपर्यंत चालणाऱ्या सीझनमध्ये लागोपाठच्या तारखा, हे सातव्या महिन्यात किंवा दोन महिन्यांच्या बाळासह पेलणारे काम नव्हे. ज्यांची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये आहे त्यांना चातुर्मासाची शांतता मिळते आणि सीझन सुरू होताना बाळ चार महिन्यांच्या आसपास असते. ज्यांची तारीख फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे त्यांनी त्या वर्षी लग्नांच्या मुख्य ऑर्डरी घेऊच नयेत. फार तर ओळखीच्या फोटोग्राफरकडे एडिटिंगचे किंवा अल्बम मांडणीचे काम मागावे. ते घरी बसून होते आणि त्याचे पैसेही ठरलेले असतात.

सुरुवातीसाठी आमची पसंती घरगुती समारंभांना आहे: डोहाळजेवण, बारसे, पहिला वाढदिवस, मुंज. हे कार्यक्रम दोन ते चार तासांत आटोपतात, बहुतेक दिवसाउजेडी होतात आणि आपल्याच गावात किंवा उपनगरात मिळतात. शिवाय एका घरातून दुसरे काम येते. डोहाळजेवणाचे फोटो आवडले तर चार महिन्यांनी बारशाला त्याच घरून फोन येतो.

या समारंभांचा क्रम आणि घरातली माणसे माहीत असणे हेच येथे खरे कौशल्य आहे. बारसे बहुधा दिवाणखान्यात असते. पाळण्याभोवती पंधरा-वीस बायका उभ्या, एका बाजूने खिडकीचा उजेड, वर ट्यूबलाइट, आणि बाळाच्या चेहऱ्यावर दोन्हींचा मिळून फिकट हिरवट रंग. आधी अर्धा तास पोहोचून पाळणा खिडकीजवळ घ्यायला सांगावा, ट्यूबलाइट बंद करून पाहावी आणि ३५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लावावी, कारण त्या खोलीत मागे सरकायला जागा नसते. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याच्या खालून-वरून हातोहात फिरते तेव्हा पायथ्याशी उभे राहावे. आत्या कानात नाव सांगायला वाकते तेव्हा मात्र तिच्या तोंडासमोरच्या बाजूला जावे. पाठीमागून काढलेल्या फोटोत केवळ अंबाडा आणि गजरा येतो, आणि घरच्यांना हवा असतो तो तिचा चेहरा.

दुसरा चांगला पर्याय उत्पादनांच्या फोटोग्राफीचा आहे. मसाले, दिवाळी फराळ, पैठणीचे ब्लाउज, हातमागाच्या वस्तू विकणाऱ्या लहान उद्योजिकांना ऑनलाइन विक्रीसाठी स्वच्छ फोटो लागतात. हे काम घरातल्या टेबलावर, बाळ झोपलेले असताना, थांबत थांबत करता येते.

किती साधने घ्यावीत?

चांगल्या स्थितीतली वापरलेली कॅमेरा बॉडी, एक ३५ आणि एक ५० किंवा ८५ मिलिमीटरची लेन्स, एक फ्लॅश, पांढरी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स, दोन जादा बॅटऱ्या, चार मेमरी कार्डे आणि दोन हार्ड डिस्क एवढ्यावर वरील सगळी कामे होतात. समारंभाचे काम घेणार असाल तर दोन कार्डांचे खाचे असलेली बॉडी पाहावी, म्हणजे प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतो. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार परिसरात नवी-जुनी साधने तुलना करून घेता येतात. वापरलेली बॉडी घेताना शटर किती वेळा उघडले आहे हे तपासावे आणि पक्के बिल मागावे. क्वचित लागणारी लांब पल्ल्याची लेन्स भाड्याने आणावी.

नोंदणी आणि कर यांचे काय करावे लागते?

कामगार अगदी मोजके असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नोंदणी प्रमाणपत्राची गरज नसते. व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यावी लागते. लोक तिलाही सवयीने ‘गुमास्ता’ म्हणतात, आणि चालू खाते उघडताना बँक बहुधा हाच कागद मागते. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि ती पूर्णपणे निःशुल्क आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. व्यवसाय कर सामान्यतः वर्षाला २,५०० रुपये आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी सक्तीची होते. छोट्या व्यवसायाला पहिल्या वर्षी ती सहसा लागत नाही. प्राप्तिकर विवरणासाठी एकदा सीएंना भेटून अनुमानित उत्पन्नाची (उलाढालीचा ठराविक हिस्सा उत्पन्न धरून कर आकारण्याची) योजना आपल्याला लागू होते का ते विचारावे. ती लागू झाल्यास तपशीलवार हिशेबवह्यांचा भार कमी होतो, आणि त्या वर्षी हा दिलासा लहान नसतो.

ही सगळी कागदपत्रे सहाव्या महिन्यापर्यंत उरकावीत.

भांडवलासाठी कर्ज घ्यावे का?

मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. राज्याच्या आणि केंद्राच्या रोजगार निर्मिती योजनांतील अनुदानाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करता येते. कर्ज मिळणे ही अडचण नाही. हप्ता कोणत्या महिन्यात पडतो हा प्रश्न आहे. एका कागदावर प्रसूतीच्या तारखेआधीचे दोन आणि नंतरचे चार महिने मांडावेत, त्या सहा महिन्यांत मिळकत शून्य धरावी, आणि तरीही जोडीदाराच्या उत्पन्नातून किंवा शिलकीतून हप्ता निघत असेल तरच कर्ज घ्यावे. बाळंतपणासाठी बाजूला काढलेल्या पैशातून, ‘सीझनमध्ये परत भरू’ या हिशेबाने, कॅमेरा मुळीच घेऊ नये. सिझेरियन करावे लागले किंवा बाळाला काही दिवस नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले तर ते पैसे एका दिवसाच्या सूचनेवर उभे करावे लागतात.

कामाचा दर कसा ठरवावा?

शेजारच्या फोटोग्राफरपेक्षा पाचशे रुपये कमी, ही पद्धत सर्वात घातक आहे. उदाहरण म्हणून समजा, साधनांची किंमत १,८०,००० रुपये आहे आणि ती तीन वर्षांत भरून काढायची आहे, तर महिन्याला ५,००० रुपये झाले. इंटरनेट, सॉफ्टवेअर आणि साठवणुकीचे ३,०००, प्रवासाचे ४,०००, सहायक, दुरुस्ती आणि सीए मिळून ४,००० धरले, तर खर्च १६,००० होतो. घरात २४,००० रुपये यावेत अशी अपेक्षा असेल तर महिन्याला ४०,००० रुपयांचे काम हवे. आज महिन्याला आठ कामे होतात म्हणून एका कामाचा दर ५,००० निघतो. बाळ झाल्यावर मात्र कामे चारच होतील, आणि तेव्हा एका कामाचे १०,००० मागावे लागतील. आज पाच हजारांत काम करून घेतलेला ग्राहक सहा महिन्यांनी दहा हजार देत नाही, आणि तो ज्यांना आपले नाव सुचवतो तेही पाच हजार गृहीत धरूनच येतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून चार कामांच्या हिशेबाने दर लावावा. सुरुवातीला कामे कमी मिळतील, आणि गरोदरपणात ती कमीच हवी आहेत. दर सांगताना केवळ चित्रीकरणाचे तास सांगू नयेत; तीन तासांच्या बारशामागे निवड, रंगसुधारणा आणि अल्बम यांत सहज सहा-सात तास जातात, ते दरपत्रकात स्पष्ट लिहावेत. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय तारीख राखून ठेवू नये, मग समोरचे नात्यातले असले तरी.

गरोदरपणात कितव्या महिन्यापर्यंत काम करता येते?

याचे उत्तर आपली तपासणी करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ देतील, कारण वार (प्लॅसेंटा) खाली असणे, रक्तदाब, आधीचे अकाली बाळंतपण यांवर ते अवलंबून असते. त्यांना विचारताना ‘फोटोग्राफी करू का?’ असे मोघम विचारू नये. किती तास उभे राहावे लागते, बॅग किती किलोची आहे, प्रवास कसा आहे, हे नेमके सांगावे.

सर्वसाधारणपणे काही पथ्ये पाळता येतात. बॅग सहायकाने उचलावी. जमिनीवर आडवे होऊन किंवा स्टुलावर चढून फोटो काढणे थांबवावे, कारण पोट वाढते तसा तोल बदलतो. प्रत्येक तासाला बसण्याची आणि पाणी पिण्याची सोय आधीच ठरवावी. मे महिन्यातल्या मंडपात ती नसेल तर काम घेऊ नये. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक सूज, किंवा बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटणे, यांपैकी काहीही झाले तर काम त्याच क्षणी सहायकाकडे सोपवून रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

आधीच घेतलेली ऑर्डर प्रसूतीच्या तारखेजवळ येत असेल तर?

ग्राहकाला आजच सांगावे. अपेक्षित तारखेच्या दिवशीच जन्मणारी बाळे थोडीच असतात, आणि ३७ आठवड्यांनंतर कधीही कळा सुरू होऊ शकतात. म्हणून त्या तारखेच्या आधीचा एक महिना आणि नंतरचे तीन महिने डायरीत बंद समजावेत. त्या काळातली ऑर्डर सोडायची नसेल तर बदली फोटोग्राफरचे नाव करारनाम्यात असावे, त्यांच्या कामाचे नमुने ग्राहकाने पाहिलेले असावेत, आणि ते मान्य नसल्यास आगाऊ रक्कम किती दिवसांत परत मिळेल हे लिहिलेले असावे. अंतरपाट एकदाच दूर होतो. त्या क्षणी तेथे उभे असलेले माणूस तेवढ्याच ताकदीचे नसेल तर नंतर दिलगिरी व्यक्त करून त्या घराला काहीही परत देता येत नाही.

बदली फोटोग्राफरशीही लेखी ठरवावे: मोबदला किती, कच्च्या फाइल्स कोणाकडे, आणि त्यांनी त्या ग्राहकाला स्वतःचे कार्ड द्यायचे की नाही. शेवटच्या मुद्द्यावर पुढे कटुता येते, म्हणून तो आधी बोलून घ्यावा.

पहिले बाळंतपण माहेरी होणार आहे. तीन-चार महिने गाव सोडून व्यवसाय कसा सांभाळावा?

निघण्यापूर्वी सगळी राहिलेली कामे ग्राहकांच्या हाती द्यावीत. अल्बम छपाईला उशीर होत असेल तर निदान निवडलेले फोटो तरी सुपूर्त करावेत. मूळ फाइल्सच्या दोन प्रती असाव्यात, एक सासरी आणि एक बरोबर, आणि महत्त्वाच्या कामांची तिसरी प्रत ऑनलाइन. व्हॉट्सॲपवर कोणत्या तारखेपासून नवी कामे घेणार याचा स्वयंचलित संदेश लावावा, आणि चौकशीचे फोन घेण्याचे काम जोडीदाराने किंवा बहिणीने करावे. बाळंतिणीच्या उशाशी फोन वाजत राहू नये.

माहेरच्या गावाकडे व्यवसायाच्या नजरेने पाहण्याचीही हीच संधी आहे. सवा महिना संपल्यावर, तब्येत ठीक असेल तर, तेथील एखादे छोटे काम घेता येते.

नवजात बाळांचे फोटो काढण्याचे काम घ्यावे का?

स्वतः आई होणाऱ्या फोटोग्राफरवर लोक विश्वास टाकतात, त्यामुळे हे काम आपसूक येते. परदेशी नमुन्यांत दिसणारे झोपलेल्या बाळाचे फोटो जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतले असतात, आणि आपल्याकडे त्या दिवसांत आई आणि बाळ घराबाहेर पडत नाहीत. म्हणून येथे स्टुडिओपेक्षा घरी जाऊन काढलेले फोटोच योग्य ठरतात: तेलपाणी, धुरी, आजीच्या मांडीवरची आंघोळ, कुंची.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. बाळाजवळ कोणाचा तरी हात कायम असावा. हनुवटी तळहातांवर टेकलेली दिसणारी मुद्रा प्रत्यक्षात मोठ्या माणसाने डोके धरून काढलेल्या दोन फोटोंची जोडणी असते; बाळाला खरोखर तसे बसवू नये. टांगलेल्या झोळ्या, काचेच्या बरण्या आणि गळ्याभोवती माळा नकोत. खोली उबदार असावी, हात धुतलेले असावेत, आणि स्वतःला किंवा सहायकाला थोडी जरी सर्दी असेल तरी तारीख पुढे ढकलावी.

काढलेल्या फोटोंवर हक्क कोणाचा?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोंचा पहिला मालक तो ग्राहक असतो; वेगळा करार असेल तरच फोटोग्राफर. अनेक फोटोग्राफरांना ही गोष्ट ठाऊकच नसते. त्यामुळे आपल्या इन्स्टाग्रामवर किंवा पोर्टफोलिओत फोटो वापरायचे असतील तर करारनाम्यात तसे कलम हवे. लहान मुलांच्या फोटोंसाठी आई-वडिलांची वेगळी लेखी संमती घ्यावी, आणि बाळाचे पूर्ण नाव, रुग्णालय किंवा घराचा पत्ता फोटोसोबत देऊ नये. संमती नाकारणाऱ्या ग्राहकाला दर वाढवून सांगणे आम्हाला योग्य वाटत नाही.

व्यवसाय पतीचा असेल तर हीच उत्तरे लागू होतात का?

पैशांबाबतची सगळी लागू होतात. तारखांबाबत एक भर घालावी लागते: बाळंतपण पत्नीचे असले तरी शेवटच्या महिन्यात शंभर किलोमीटरवरची ऑर्डर घेऊ नये, आणि बाळ घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे पूर्ण मोकळे ठेवावेत. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसीकरणाच्या तारखा डायरीत ऑर्डरींआधी लिहाव्यात. रात्रीचे एडिटिंग करणाऱ्याने जागरणातला एक ठराविक हिस्सा स्वतःकडे घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

सरकारकडून काही मदत मिळते का?

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र कुटुंबातील स्त्रीला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन टप्प्यांत मिळतात, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. गरोदरपणातच अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे नोंद करावी. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत होते की नाही हेही पाहावे, कारण पुढचे कागद त्यावर अडतात.

बाळंतपणानंतर पहिले काम कोणते घ्यावे?

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावरचे, दोन तासांत संपणारे आणि फोटो देण्यासाठी तीन आठवड्यांची मुदत असलेले. सिझेरियन झाले असेल तर वजन उचलण्याबाबत स्पष्ट विचारून घ्यावे. बाळ अंगावर पीत असेल तर काढून ठेवलेले दूध खोलीच्या तापमानाला सुमारे चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकते. उन्हाळ्यात ते फ्रिजमध्येच ठेवावे. ग्राहकाला ‘घरी तान्हे बाळ आहे, मी दोन तासांनी निघेन’ असे आधी सांगावे आणि दूध काढण्यासाठी एक खोली मागून घ्यावी. बारशाच्या घरी तर ही विनंती कोणी नाकारत नाही; उलट घरातली एखादी मावशी कडी लावून बाहेर राखण करत बसते आणि निघताना पिशवीत डिंकाचे लाडू घालते.